बिबड्यांच्या डब्यातली प्लेट

आमच्या स्वयंपाकघरात कोणती वस्तू कुठे असते हे मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही, आणि त्याची मला कधी लाजही वाटली नाही. मीनाबाईला तरी माझ्या दुकानात कोणता रेझिस्टन्स कोणत्या डबीत असतो हे कुठे माहीत आहे, असं मी चारचौघांत म्हणायचो. आता म्हणत नाही. का म्हणत नाही, तेच सांगायला बसलोय.

मी दोधू मिस्त्री. म्हसावदला बाजाराच्या रस्त्यावर, घराच्याच पुढच्या खोलीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ आता कोणी आणत नाही आणि नवे पातळ टीव्ही उघडण्यापेक्षा फेकणं सोपं. पण फवारणीच्या पंपांचे चार्जर येतात, मिक्सर येतात, आणि लग्नसराईच्या, होळीच्या तोंडावर डोंगरातल्या पाड्यांवरून भोंग्यांच्या अॅम्पली येतात. माझं वय अडुसष्ट. मीनाबाई बासष्टची. एक मुलगी, भूमिका, नंदुरबारला दिलेली.

अडीच वर्षांपूर्वी माझा उजवा हात कापायला लागला. आधी चहाच्या बशीत चहा सांडायचा, तेव्हा मी बशीला दोष दिला. मग स्क्रू पडायला लागले, तेव्हा चष्म्याला दिला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. भूमिका दिवाळीला आली तेव्हा तिने जेवताना विषय काढला. म्हणाली, बाबा, आता दुकान बंद करा, लोकांच्या वस्तू बिघडल्या तर नाव जाईल. मी भरल्या ताटावर बोललो, "ज्या दिवशी मन्हं करेल काम परत ई, त्या दिवशी मी सोता शटर पाडसू. तोपर्यंत कोनी बोलानं नई." आमच्या घरात मी जे ताटावर बोलतो ते होतंच. रागीट माणसाची तेवढीच एक मालमत्ता असते.

त्याला दोन वर्षांच्या वर झालं. एकही काम परत आलं नाही. एकही नाही! हात कापतो तर कापू दे, विद्या हाडात मुरलेली असते, असं मी छाती फुगवून सांगायचो. आणि मनातून मला त्याचं फार बरं वाटायचं, कारण दुकानाशिवाय मी काय आहे हे मला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करूनही घ्यायचं नव्हतं.

तर या फेब्रुवारीत भूमिकाच्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मीनाबाई चार दिवस नंदुरबारला गेली. जाताना तिने भाकरी कुठे, लोणचं कुठे, सगळं सांगितलं, मी हो हो म्हटलं आणि काही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खिचडी शिजवली. सोबत बिबडी भाजून घ्यावी असं मनात आलं. आमच्याकडची बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड, तो खिचडीबरोबर नसेल तर ते जेवण नव्हे, औषध झालं. सहा डबे उघडले. सातवा सगळ्यात वरच्या फळीवर होता. त्यात बिबड्या होत्या. आणि बिबड्यांच्या तळाशी, माझ्याच एका जुन्या रुमालात गुंडाळलेली, एक सर्किटची प्लेट होती.

दोन आगपेट्या शेजारी ठेवल्या तर होतील एवढी. बायका डाळीच्या डब्यात पैसे ठेवतात, सोनं ठेवतात, हे मला माहीत होतं. पण सर्किट? खिचडी तशीच टाकून मी प्लेट घेऊन दुकानात आलो.

चष्मा लावला, वर भिंग धरलं. कारखान्यातली प्लेट नव्हती. ती साधी भोकांची तपकिरी प्लेट होती, आमच्यासारखे मिस्त्री हाताने काही बनवायचं असेल तर वापरतात ती. वर दहा-बारा रेझिस्टन्स, चार कंडेन्सर, दोन लाल दिवे आणि एक ट्रान्झिस्टर, जुन्या रेडिओतला, पत्र्याच्या टोपीचा. उलटी करून पाहिली आणि मी चक्रावलो.

डाग म्हणजे तार आणि प्लेट एकमेकांना धरून ठेवणारा शिशाचा थेंब. डागावरून मिस्त्री ओळखता येतो, अक्षरावरून माणूस ओळखावा तसा. माझा डाग चपटा असतो आणि जरा डावीकडे ओढलेला, कारण मी शिसं वितळवायची गन तशीच काढून घेतो. या प्लेटवर एका कोपऱ्यात गाढवाने डाग दिले होते: करपलेले, गोळे झालेले, तांबं उचकटलेलं. आणि समोरच्या कोपऱ्यात एकसारखे, गोल, चकचकीत. खाटेवर पांढऱ्या धोतरावर घातलेले सांडगे असतात ना, एका मापाचे, एका ओळीत, तसे. मी ठरवून टाकलं की ही दोन माणसांची प्लेट आहे, एक शिकवणारा आणि एक शिकणारा. माझ्या हुशारीवर मी खूशही झालो.

मग कागद घेतला आणि सर्किट उतरवायला बसलो. प्रत्येक प्लेट काहीतरी करते. दिवा लावते, आवाज मोठा करते, बॅटरी भरते. पन्नास वर्षं मी याच एका गोष्टीवर विश्वास ठेवून भाकरी खाल्ली आहे. तार कुठून निघते, कुठे जाते हे बोटाने माग काढत गेलं की प्लेट आपलं काम सांगते. ही सांगेना. एका रेझिस्टन्सची दोन्ही टोकं एकाच तारेला. कंडेन्सर उलटा. आणि त्या ट्रान्झिस्टरचे तिन्ही पाय एकत्र जोडलेले, म्हणजे एखाद्याचे हात, पाय आणि तोंड एका दोरीने बांधून त्याला म्हणावं, चाल! मी नऊ व्होल्ट देऊन पाहिले. दिवा नाही, आवाज नाही, साधी गरमही होईना.

संध्याकाळपर्यंत मी तीन वेळा उतरवलं. तीन कागद फाडले.

आता डोक्यात नको ते यायला लागलं. विजेचं मीटर मागे फिरवायला लोक असलं काही बसवतात असं ऐकलेलं होतं. मी बाहेर जाऊन आमचं मीटर पाहिलं. त्याचं सील शाबूत होतं आणि आकडा नेहमीसारखा पुढेच पळत होता. मग वाटलं, बाजारात गुडघेदुखीचे विजेचे पट्टे विकतात, त्यातली ही असेल. आतमध्ये काहीच न करणारं सर्किट असायचं तर ते त्याच पट्ट्यात. मीनाबाईला कोणीतरी फसवलं आणि आता मला सांगायची तिला भीती वाटते. मला तिची दया आली, आणि मी फोन लावला.

"हां, बोला," ती म्हणाली. "मीठ सापडनं का?"

"सापडनं. तुन्हा गुडघा कसा शे?"

पलीकडे तिने कोणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितलं.

"काय व्हयनं तुम्हले? ताप उना का?"

"सहज इचारं."

"चाळीस वरीसमा कधी नई इचारं, ते आज सहज?" ती म्हणाली. "खरं सांगा, पडनात का कोठे?"

"बाजारमा तू गुडघाना पट्टा लिन्हा व्हता का कधी?"

"पट्टा? मन्हा गुडघाले काय धाड भरनी! जेवन करं का तुम्ही?"

मी फोन ठेवला. म्हणजे पट्टाही नाही. पण चाळीस वर्षांत बायकोचा गुडघा विचारला तर तिला मी आजारी वाटलो, हे मात्र मला लागलं. चांगलंच लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून मी शहाद्याला गेलो. तिथे भावेशचं मोबाइलचं दुकान आहे. वीस वर्षांपूर्वी तो माझ्याकडे दोन पावसाळे शिकला, आता त्याला स्वतःची ढेरी आहे, दोन कारागीर आहेत आणि एक भिंग आहे ज्यातलं सगळं पडद्यावर दिसतं. मोठा गुणी माणूस, फक्त हसतो फार. मी प्लेट त्याच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, घरात सापडली, काय आहे ओळख.

त्याने ती भिंगाखाली धरली. पडद्यावर ते गोल डाग लिंबाएवढे मोठे दिसले. तो हसायला लागला.

"काका, मन्ही परीक्षा ली ऱ्हायनात का?"

"काबरं?"

"हाई तुमनीच प्लेट शे. हाऊ टोपीवाला ट्रान्झिस्टर आख्खा तालुकामा तुमनाच डबामा सापडस. काखमा कळसा अन गावले वळसा!"

"डबा मन्हा व्हई," मी म्हणालो. "डाग मन्हा नई."

"कसा नई? मागला महिनामा पाडावरला दलसिंगनी अॅम्पली करी ना तुम्ही? तो ब्लूटूथ बसाडाले मन्हाकडे उना व्हता. मी ती खोलीसन देखी, ते आत मझार असाच डाग. मी कारागीरले बलाईसन दाखाडं. म्हनं देखा रे, अडुसष्ट वरीसना मानूस शे, हात देखा कसा शे!"

त्याचे दोन्ही कारागीर माझ्याकडे आदराने पाहत होते. मी खूश व्हायला हवं होतं. मी प्लेट रुमालात गुंडाळली आणि त्याने मागवलेला चहा न पिता उठलो. तो मागून हाका मारत राहिला.

एसटीत खिडकीशी बसलो आणि घर येईपर्यंत प्लेट रुमालातून बाहेर काढली नाही.

घरी आल्यावर मी तयार कामांची फळी रिकामी केली. पाच वस्तू होत्या. चार गेल्या पंधरा दिवसांतल्या, गिऱ्हाईक अजून न्यायला न आलेल्या. पाचवी दलसिंगची दुसरी अॅम्पली, जी मी मीनाबाई गेली त्या संध्याकाळी पुरी केली होती. एकेक उघडली. पहिल्या चारांत बिघाड मी शोधला होता, भाग मी बदलले होते, ते मला आठवत होतं. पण डाग माझे नव्हते. गोल, चकचकीत, एका मापाचे. आणि पाचव्या वस्तूत जे होतं ते पाहून मी भिंग खाली ठेवलं. शिशाचे ढेकळाएवढे गोळे. दोन पाय एकमेकांना चिकटलेले. वीज जोडली असती तर अॅम्पली तिथल्या तिथे जळाली असती. तो मात्र माझा हात होता. ती घरी नव्हती म्हणून तो तसाच राहिला होता.

दुपारी दोन ते चार मी झोपतो. तेव्हा म्हसावदला भूकंप झाला तरी मी उठत नाही. काम वीज लावून तपासतो ते उठल्यावर. त्या दोन तासांत, दोन वर्षं, माझी बायको माझ्या खुर्चीत बसून माझी कामं दुरुस्त करत होती.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, दुसरं काही यायच्या आधी रागच आला. माझ्या घरात चोरी झाली आणि चोरीला गेलं ते माझं नाव, असं मला वाटलं. नाव चोरलं कुठे, तिनेच तर ते जपलं, हे लगेच समजतही होतं, पण राग असं काही ऐकून घेत नाही. जिला मी चाळीस वर्षं "पक्कड दे" आणि "दिवा इकडे कर" यापलीकडे दुकानातलं काही सांगितलं नाही, ती माझ्यावर पांघरूण घालत होती. लोक वाहवा करायचे तेव्हा ती शेजारी उभी राहून ऐकायची. मनात काय म्हणत असेल? त्या संध्याकाळी मी जेवलो नाही.

आणि ताटावरचं वचन होतंच. काम परत आलं नव्हतं, कारण ते बाहेर पडायच्या आधीच ती अडवत होती. माझ्या बोलण्याप्रमाणे दुकान दोन वर्षांपूर्वीच बंद व्हायला हवं होतं. चौथ्या दिवशी सकाळी मी शटर उघडलंच नाही.

आत बसून काय करणार? प्लेट परत हातात घेतली. दाराच्या फटीतून उजेड येत होता, तो तिच्यावर पडला. आणि तेव्हा मला दिसलं की ही दोन माणसांची प्लेट नाही. गाढवाच्या कोपऱ्यापासून निघून ओळ हळूहळू सुधारत गेली होती. तिसऱ्या ओळीत गोळे लहान झाले होते. पाचव्या ओळीत करपणं थांबलं होतं. सातवीत दोन डाग चांगले, मग एक वाईट, मग तीन चांगले. एकच माणूस होतं, ते या टोकाकडून त्या टोकाला चालत गेलं होतं. तिला सर्किट बनवायचं नव्हतंच. माझ्या भंगाराच्या डब्यातले भाग घेऊन ती फक्त डाग द्यायला शिकत होती. पाटीवर अक्षर गिरवावं तसं. आणि मी शहाणा त्या पाटीवर पत्र शोधत होतो.

मग मला तिच्या बोटावरचा फोड आठवला. दोन वर्षांपूर्वी, थंडीत. मी विचारलं होतं, हे काय? ती म्हणाली, तवा लागला. चाळीस वर्षं भाकरी करणाऱ्या बाईला तवा लागतो, हे मी ऐकून घेतलं आणि तिच्याकडे भाकरी मागितली. मला त्या खोलीत एकट्याला रडू आलं. माझी मलाच लाज वाटत होती.

दुपारी ती आली. शटर बंद पाहून मागच्या दाराने घाईघाईने आत शिरली, हातात पिशवी तशीच.

"दुकान बंद काबरं? तब्येत बरी शे ना?"

प्लेट टेबलावर होती. तिने पाहिली. पिशवी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि भिंतीला टेकून बसली.

"बिबड्या खाद्यात वाटस," ती म्हणाली.

"कवयपासून करी ऱ्हायनी तू हाई?"

"भूमिका बोलनी व्हती ना, दुकान बंद करा म्हनीसन. तवयपासून."

"माले सांगता नई उनं?"

"काय सांगू? तुमना हात चालस नई, असं सांगू?" तिचा आवाज चढला, जो कधी चढत नाही. "तुम्ही ताटवर बोली बठनात. तुम्ही बोलनात म्हनजे करतसच. मन्हा बाप सुतार व्हता. हात थकना, लोके बोलनात, त्यानी रंधा उचलीसन माळ्यावर ठी दिन्हा. मग दिवसभर ओटावर बठीसन रस्ता देखे. सहा महिनामा गया तो. माले तुम्ही पाहिजेत. दुकान नई ऱ्हायनं तरी चाली, तुम्ही पाहिजेत."

मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. असं ती मला लग्नानंतर कधी बोलली नव्हती, आणि मी तर नाहीच नाही.

"लोके मन्ही वाहवा करतस," मी म्हणालो. "ती खोटी व्हती."

"खोटी काबरं? बिघाड कोन शोधस? मी? माले रेझिस्टन्सवरना लाल-पिवया पट्टा बी समजत नई. तुम्ही जठे डाग दिन्हा तठेच मी परत देस. नवं काई करत नई."

ते खरं होतं. पण खरं ऐकून लगेच नरम पडलो तर तो मी कसला! मी प्लेट उचलून तिच्यासमोर धरली.

"अन हाऊ ट्रान्झिस्टर? तिन्ही पाय एकत्र बांधी दिन्हात त्याना! तीन दिन मी माग काढी ऱ्हायनो!"

तिने प्लेट निरखून पाहिली.

"मंग?" ती म्हणाली. "तो काय पळी जानार व्हता?"

मला हसू फुटलं. तिलाही फुटलं. आम्ही दोघं बंद शटरच्या आत, अंधारात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. माझ्या डोळ्यांत ते आधीपासूनच होतं.

तेवढ्यात शटरवर थाप पडली. "मिस्त्री! ओ मिस्त्री!"

दलसिंग होता. वरच्या पाड्यावरचा पावरा जमातीचा गडी, सातपुड्यात लग्नं आणि होळ्या वाजवतो. अॅम्पली न्यायला आला होता. आणि त्याची अॅम्पली टेबलावर उघडी पडली होती, माझ्या हाताच्या गोळ्यांसकट.

मीनाबाई उठली आणि आत जायला वळली. दोन वाटा होत्या. दलसिंगला उद्या ये म्हणायचं, दुपारी दोन वाजता झोपायचं आणि काही कळलंच नाही असं वागायचं. ती वाट तिने माझ्यासाठी उघडी ठेवली होती, आताही. किंवा वचन पाळून त्याची अॅम्पली तशीच परत द्यायची आणि कायमचं शटर पाडायचं. दोन्हींत माझी अब्रू शाबूत राहत होती. मी शटर वर केलं.

"बस दलसिंग. काम अर्धं शे."

"सांजनी जीप शे माले, मिस्त्री. होळीले वाजनी पाहिजे."

"वाजी. पन एक आयकी ले." रस्त्यावरून ओळखीचे दोघे-तिघे जात होते, तेही थांबले. "मागली अॅम्पली तू आख्खा बाजारमा वाखानस ना? तिना डाग मन्हा नई शे. तो हाई बाईना हातना शे. मन्हा हात कापस. दोन वरीस व्हयनात, या दुकानना समदा डाग हिनाच शे."

बोलून झाल्यावर मला वाटलं, आता आभाळ कोसळेल. दलसिंगने मीनाबाईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"मग बाय करू दे ना," तो म्हणाला. "पाच वाजता जीप शे."

दोन वर्षं मी ज्याला भ्यालो ते एवढंच होतं.

मीनाबाई मात्र दारातच थिजली होती. "काय येडासारखं करी ऱ्हायनात? लोके देखी ऱ्हायनात," ती हळूच म्हणाली. मी तिचा हात धरला, भर बाजाराच्या रस्त्यावर, आणि तिला माझ्या खुर्चीत बसवलं. मी शेजारच्या स्टुलावर बसलो, जिथे ती बसायची. दिवा तिच्याकडे वळवला. कुठले डाग काढून टाकायचे ते काडीने दाखवले. मग गन मी तिच्या हातात दिली.

तिने टोक खाली नेलं आणि तिचा हात थरथरला. दोन वर्षं एकटीने चोरून केलं तेव्हा कधी थरथरला नसेल. आता चार माणसं पाहत होती. तिने गन मागे घेतली, परत खाली नेली, परत तेच. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत भीती होती, माझी अब्रू आता तिच्या हातून जाईल अशी.

"थांब," मी म्हणालो. "श्वास सोड. पुरा सोड. अन परत श्वास लेवाना पहिले टोक टेकाड."

"हाई तं मी कधी देखं नई तुमनं," ती म्हणाली.

"ते देखीसन दिसत नई."

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, भावेशलाही नाही. कसं सांगणार, मीच ते करतो हे मला आता तोंडातून निघाल्यावर कळलं. शेजारी बसून चाळीस वर्षं तिने सगळं पाहून घेतलं होतं, एवढं एकच तिला मिळालं नव्हतं. आणि माझ्याकडे अजून द्यायला काहीतरी आहे याचा मला त्या क्षणी इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

तिने श्वास सोडला. टोक टेकवलं. बारीक धूर उठला आणि डाग पडला, गोल, चकचकीत. दलसिंग वाकून पाहत होता, तो मान डोलावून मागे झाला.

"आते?" तिने विचारलं.

"आते परत," मी म्हणालो, आणि या वेळी तिच्याबरोबर मीही श्वास सोडला.